चार वर्षांची वारसदार

माझे व्याही, म्हणजे माझ्या जावयाचे वडील, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले आणि आपल्या घराण्याची वंशावळ लिहू लागले. त्यांच्या वयाचे इतर लोक ज्या चिकाटीने तळ्याकाठी गळ टाकून बसतात, त्याच चिकाटीने. मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असे. पत्नी गेल्यावर मुलीने मला तिथून जवळच्या मिल्टनला आपल्याकडे आणले, आणि व्याह्यांना आयता परीक्षक मिळाला.

"इतिहास?" पहिल्या भेटीत त्यांनी विचारले होते. "म्हणजे तुम्ही प्रोफेसर."

"शाळामास्तर," मी म्हणालो.

"तेच ते, प्रोफेसर." त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. आमचे बोलणे अर्थातच इंग्रजीत होई. इथे ते मराठीत लिहितो आहे.

त्यांच्या वंशावळीच्या तळाशी आमची दोघांची नात होती आणि अगदी वर एक नॉर्मन सरदार, त्यांच्या भाषेत नाइट. संदर्भ थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अकराव्या शतकात नॉर्मंडीचे सैन्य समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये आले, आणि जिंकलेली जमीन नव्या राजाने आपल्या सरदारांत वाटली. या घराण्यांत बाप गेला की जमीन थोरल्या मुलाला मिळे. मुलगेच नसतील तर मुलींना सारखी वाटणी. अशी जमीन आईकडून आली तर मुलगा पुष्कळदा नावही आईच्याच घराण्याचे लावी. व्याह्यांची साखळी अशाच एका मुलीतून जात होती. तिच्या खाली साधे कुळवाडी, विणकर, एक खाटीक आणि शेवटी जहाजाने कॅनडात आलेले त्यांचे आजोबा. तिच्या वर किल्ला, तीन पक्ष्यांची ढाल आणि राजाच्या स्वारीतला घोडेस्वार.

नातीसाठी त्यांनी आमच्याही बाजूची नावे मागितली होती. मी वडिलांचे दिले, आजोबांचे दिले, पणजोबांचे नुसते हाक मारायचे नाव दिले.

"आणि त्याच्या वर?"

"माहीत नाही."

"गावात कोणी लिहून ठेवत नसे?"

"लिहिणारे होते. आमचं लिहीत नसत."

ते म्हणाले, "मी कागदावर जागा सोडतो." मी म्हणालो, त्याची गरज नाही. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच जन्मावरून माणूस मोजणे आमच्या घराने सोडून दिले. राजघराण्यांच्या वंशावळी मी वर्गात शिकवल्या त्या परीक्षेत येतात म्हणून. तेव्हाही मला त्यांचा कंटाळाच होता, आणि आता सत्तरीनंतर परक्या देशात, हिवाळ्यात, मी पुन्हा त्याच कामाला बसलो होतो.

नाही म्हणता आले नाही, याचे कारण व्याह्यांची फुप्फुसे. त्या हिवाळ्यात त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी आली होती. जुलैमध्ये त्यांचे सगळे नातलग हॅमिल्टनला जमणार होते आणि तोपर्यंत वंशावळ छापून प्रत्येकाच्या हाती द्यायची होती. खाली 'तपासणारे' म्हणून माझे नाव.

"पुढच्या उन्हाळ्याचा विषय काढला की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात," ते म्हणाले. "म्हणून याच उन्हाळ्यात."

वंशावळ खालून वर तपासावी. प्रत्येक सांध्यापाशी पाहावे की हा याचा मुलगा असे त्या काळातला कोणी म्हणतो का, आणि दोघांची वये जुळतात का. मी नातीपासून सुरुवात केली. आजोबा पक्के, खाटीक पक्का, विणकर पक्के. व्याह्यांनी काम फार चांगले केले होते. चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रे, सगळे क्रमवार लावलेले. जानेवारीभर मी रोज सकाळी नात शाळेत गेली की स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसे आणि एक-एक पिढी चढे. फेब्रुवारीत मी त्या मुलीपाशी पोहोचलो.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदार मेला की राजाचे अधिकारी गावात येऊन पंचांना शपथेवर विचारत: मयताची जमीन किती, वारस कोण, वारसाचे वय काय. वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असेल तर जमीन काही वर्षे राजाच्या ताब्यात जाई, म्हणून वय विचारण्याला कारण होते. या मुलीच्या वडिलांच्या मृत्यूनंतर पंचांनी सांगितले होते: वारस एकच, मुलगी, वय चार वर्षे. आणि व्याह्यांच्या तक्त्यात तिचा म्हणून दाखवलेला मुलगा सहाच वर्षांनी एका दानपत्राखाली साक्षीदार होता. साक्षीला सज्ञान पुरुष लागतो. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीला कर्ता मुलगा.

मी चहा केला आणि पुन्हा पाहिले. मग पुढचे दोन महिने पाहत राहिलो. पंचांनी सांगितलेले वय चुकले असेल, दानपत्राचे साल चुकले असेल, त्याच नावाची एखादी आत्या असेल. आत्या असती तर निदान घराणे तेच राहिले असते. पण आत्या कुठेच सापडली नाही. सापडले ते चुकीचे मूळ. एकोणिसाव्या शतकात कोण्या हौशी लेखकाने जिल्ह्याचा इतिहास लिहिताना दोन सारखी आडनावे जोडून दिली होती. तेथून ती वंशावळ इंटरनेटवर जागोजाग गेली. पण एकाच वहीवरून वर्गातल्या सगळ्या मुलांनी उतरवलेले उत्तर हे एकच उत्तर असते. हा सांधा गेला की वरचे सगळेच जात होते: किल्ला, ढाल, घोडेस्वार.

एप्रिलमध्ये एका शनिवारी मुलगी मला हॅमिल्टनला सोडायला निघाली. हायवेवर चढल्यावर मी तिला सांगितले.

"बाबा, सांगायलाच हवं का?"

"खाली माझं नाव येणार आहे."

"मग नाव नका देऊ ना. इट्स अ हॉबी. ही इज सिक, बाबा. तुम्ही पेपर तपासत नाही आहात."

"तपासतोच आहे. त्यांनीच दिलाय तपासायला."

"मला त्या घरात कायम जायचं-यायचंय, एवढं लक्षात ठेवा."

मागच्या सीटवरून नात म्हणाली, "आजोबा, आर वी नाइट्स ऑर नॉट?"

"तपासणी चालू आहे."

"दॅट मीन्स नो," ती म्हणाली आणि पुन्हा टॅबलेटमध्ये गेली.

व्याही खुर्चीत बसले होते, हॉकी चालू होती. मी आवाज बंद करायला सांगितला आणि दोन कागद त्यांच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. पंचांचा जबाब आणि दानपत्र. जिथे वाचायचे तिथे पेन्सिलीची खूण केली होती. त्यांनी दोन्ही वाचले, मग उलट क्रमाने पुन्हा वाचले.

"चार," ते म्हणाले.

"चार."

"पंच खोटं बोलले असतील."

"बोलत असत. एक-दोन वर्षं इकडची तिकडे. पंचवीस-तीस नाही."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"फेब्रुवारीपासून."

"आता एप्रिल आहे."

"दुसरी वाट शोधत होतो."

"सापडली?"

"नाही."

विहीणबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी स्वयंपाकघरातून सगळे ऐकले होते. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी एका सरदाराचे मोजे धुतेय. आता नुसत्या माणसाचे धुईन."

त्या हसल्या, मीही थोडा हसलो. व्याही हसले नाहीत. त्यांनी कागद घडी न करता मला परत दिले आणि हॉकीचा आवाज वाढवला.

त्याआधी रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई. कधी एखादी लॅटिन ओळ समजून घ्यायला, कधी नुसता. त्या शनिवारनंतर तो बंद झाला. मुलगी मला काही बोलली नाही. जावईही बोलला नाही, पण जेवताना तो मुद्दाम हवामानाबद्दल बोले. मी खरोखर थकलो होतो. मी सरळच विचार करून पाहिला: उंच बसलेल्या कोणाला तरी खाली आणायची मला हौस होती का? जन्मभर ज्यांच्या वंशावळी पाठ करून घेतल्या, त्यांचा एक दोर तरी कापावा, असे काही? तसे असते तर मला थोडे तरी बरे वाटायला हवे होते.

मे महिन्यात फोन वाजला.

"प्रोफेसर, तुटक रेघ कधी काढतात?"

"नातं असू शकेल, पण पुरावा नाही, अशा ठिकाणी."

"मग मी त्या चार वर्षांच्या मुलीपासून खाली तुटक रेघ काढतो. वरचे लोक राहू देतो. कझिननं सगळ्यांसाठी टी-शर्ट करून ठेवलेत, ढालीचे. निळे."

"तुटक रेघेचा अर्थ 'असू शकेल' असा आहे. इथे असूच शकत नाही."

पलीकडे ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"तुम्ही कधी कुणाला ग्रेसचे मार्क दिले नाहीत?"

"दिले. काठावर असलेल्यांना."

"आणि मी काठावर नाही."

"नाही."

"तुमचे विद्यार्थी तुमचा तिरस्कार करत असतील," ते म्हणाले आणि फोन ठेवला. कागदावर पुढे काय छापले गेले ते मला जुलैपर्यंत कळले नाही.

हॅमिल्टनच्या एका सार्वजनिक बागेतला हॉल त्यांनी घेतला होता. दारातून आत गेलो तो समोर सगळे निळेच निळे. म्हातारे, पोरे, कडेवरची बाळे, सगळ्यांच्या छातीवर तीन पांढरे पक्षी. आमच्या नातीच्याही. व्याही चाकांच्या खुर्चीत होते, त्यांच्याही अंगात तोच शर्ट. भिंतीवर वंशावळ लावली होती. मी चष्मा पुसून वर पाहिले. सर्वांत वर तो दानपत्राचा साक्षीदार होता आणि त्याच्या डोक्यावर दोन शब्द: आईवडील अज्ञात. त्याच्या वर कोरा कागद. तुटकसुद्धा रेघ नाही.

लोक येऊन बघत होते आणि विचारत होते, नाइट कुठे गेला. व्याह्यांना दोन वाक्ये बोलली की धाप लागे. त्यांनी मला हाताने जवळ बोलावले.

"प्रोफेसर, यांना सांगा. मला दम पुरणार नाही."

मी उभा राहिलो. गॅसच्या शेगडीवर बर्गर भाजत होते, मुले पळत होती. मी नेहमीसारखेच सांगितले, सोप्याकडून कठिणाकडे: जमीनदार मेला की पंच बोलावत, पंच वय सांगत, ते वय चार होते.

"म्हणजे हे शर्ट चुकीचे?" टी-शर्ट करून आणणारा कझिन म्हणाला. उंच, लाल चेहऱ्याचा माणूस.

"शर्ट छान आहेत. पक्षी दुसऱ्या कुणाचे आहेत."

काही जण हसले. तो हसला नाही. "आणि हे ठरवणारे तुम्ही कोण, सर?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. उत्तर व्याह्यांनी दिले, मध्ये दोनदा थांबून.

"माझ्या नातीचे आजोबा. आणि तपासायला मी सांगितलं होतं. त्यांना मुलीचं वय सांगू दे."

"सांगितलं मी," मी म्हणालो.

"परत सांगा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

मी परत सांगितले. मग सगळे जेवायला गेले. बर्गर थोडे करपले होते. एक बाई फोन घेऊन माझ्याजवळ आली. तिच्या आईचे घराणे म्हणे थेट एका राजापर्यंत जाते, मी बघेन का? आज नको, मी म्हणालो.

परतताना जावई गाडी चालवत होता. व्याही पुढे बसले, मी मागे. बराच वेळ ते डोळे मिटून होते. झोपले असावेत असे मला वाटले.

"खरं असतं तर बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "एवढंच."

"मलाही," मी म्हणालो. हे त्यांच्या समाधानासाठी म्हटले नव्हते. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मी दुसरे काही केले नव्हते. फक्त ते खरे निघावे म्हणून कागद चाळत होतो.