न उमटलेला अंगठा
खोबरेल तेलाचा वास आला की मला शिरूरचं रजिस्टर ऑफिस आठवतं. वकिली नवीन होती. कवठे येमाईच्या एका भावानं माझ्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडायला राहू गावात दिलेली त्याची थोरली बहीण सकाळच्या एसटीनं आली होती. मशीनवर तिचा अंगठा काही उमटेना. "मावशी, केसांवर घासा जरा," ऑपरेटर म्हणाला. तिनं चापूनचोपून तेल लावलेल्या केसांवर घासला, तरी नाही. मला बारा वाजता कोर्टात तारीख होती, मी वैतागलो. शेवटी भावानंच तिचा हात धरून रुमालानं अंगठा पुसला आणि पुसता पुसता थांबला. "आक्का, ही खून कशाची गं?" "इळ्याची. तू दहावीला व्हतास, तवा तुझ्या वाटची वैरन मीच कापायची न्हवं का?" त्यानं रुमाल खिशात घातला. मग म्हणाला, "वकीलसायेब, ऱ्हाऊ द्या. तिचं तिला ऱ्हाऊ द्या." "आरं, मी खुशीनं देतीय की!" "व्हय, म्हनूनच नगं." माझी तारीख चुकली. पण आजही मशीनवर कुणा बहिणीचा अंगठा उमटला नाही, तर मी घड्याळाकडे बघत नाही; भावाकडे बघतो.