पिठावरचं पाऊल

मायाक्का आमच्या धनगर वस्तीतली. सोलापूरच्या कडेला, गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर ही वस्ती होती. निम्मे पुरुष मेंढरांमागं, निम्मे गिरणीत. तिचं नाव निघालं की लोक आजही आधी तिच्या नवऱ्याचं बोलतात, आणि मला त्याचा राग येतो. हरिबा मोठा देवऋषी होता, कबूल. पण सांगण्यासारखं माणूस होती ती.

हरिबाच्या अंगात बिरोबा यायचा. तरुणपणी त्यानं पुष्कळांचं भलं केलं. त्यानं भंडारा लावला की रात्रभर किरकिरणारं पोर झोपी जायचं, आणि त्याबद्दल तो सुपारीचं खांडही घ्यायचा नाही. देवाची विद्या विकायची नाही, असा गुरूचा दंडक होता. मग शहरातली माणसं येऊ लागली. कुणाला भावकीवर करणी करून हवी, कुणाला सवतीचं वाटोळं. हरिबा आधी नाही म्हणाला, मग बाटली पुढं आली की हो म्हणायला लागला.

एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात समोरच्या फुलाबाईचं दोन वर्षांचं पोर तापानं फणफणलं. ती त्याला दवाखान्यात घेऊन निघाली होती. "सुईवाल्याकडं नेलंस तर माजा देव कोपंल," असा हरिबानं दम भरला आणि पोराला ठेवून घेतलं. धुरी दिली, लिंबाच्या डहाळीनं झोडपलं. पोर गेलं. त्यानंतर हरिबाच्या अंगात देव आलाच नाही. तो भंडारा उधळायचा, घुमायचा, पण सगळं कोरडंच. लोक उठून जायचे. पुढच्या साली तोही तापानंच गेला.

मग प्रश्न आला टाकाचा. आमच्यात मेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात वाडवडिलांशेजारी बसवतात. टाक नसला तर त्या जिवाला घर नाही. शिवेबाहेर भटकत राहायचं. वस्तीचे कारभारी तात्याबा म्हणाले, "करणी करनाऱ्याचा टाक द्येवाला चालंल का? पीठ सांगंल तसं करू."

पिठाची रीत अशी. माणूस जिथं गेला त्या जागी दहाव्याच्या आदल्या सांजेला ज्वारीचं वस्त्रगाळ पीठ पसरायचं आणि वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचं. सकाळी उघडून बघायचं. पाखराचं पाऊल उमटलं तर जीव सुटला. माणसाचं उमटलं तर पुन्हा माणसाच्या पोटी येणार. या दोन्हींत टाक बसतो. सापासारखी रेघ दिसली तर भूत झाला, त्याचं नावही घ्यायचं नाही.

पीठ पसरायचं ते घरच्या बाईनं. हरिबानं काय काय केलं होतं ते मायाक्काइतकं कुणाला ठाऊक? रेघच उमटणार, अशी तिची खात्री होती. आणि लोकांना कधी कळलं नाही, पण तिचा त्याच्यावर जीव होता. फुकट भंडारा लावणारा, पोरांना हसवणारा हरिबा तिनं पाहिला होता. तिनं मूठ वळली, तिची कड पिठावर दाबली आणि वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले. गौरी घरात आणताना बाया उमटवतात तसं इवलंसं पाऊल झालं. तो मोकळा होऊन बाहेर पडावा म्हणून बोटं दाराकडं ठेवली. मग डालगं झाकलं.

सकाळी तात्याबांनी डालगं उचललं आणि हात जोडले. बायाही होत्या तिथं. असली पावलं प्रत्येकीनं जन्मभर काढलेली. पण देवाच्या कौलात कुणी हात घालील, हे कुणाच्या मनातच आलं नाही. मायाक्कानं दंडातली वाकी मोडून टाक घडवला. हरिबा देव्हाऱ्यात बसला.

पुढं वर्षाच्या आत फुलाबाईला मुलगा झाला आणि वस्तीची जीभ सुटली. पाऊल लेकराचं होतं, दाराकडं निघालेलं होतं, आणि त्या दारासमोर घर कुणाचं? हरिबाच फुलाबाईच्या पोटी आला. देवानं त्याला पाप फेडायला धाडलं, असं बाया बाळंतिणीला आनंदानं सांगायला गेल्या. अकलेचे दिवे पाजळायला आमच्या वस्तीत कधी तेल कमी पडलं नाही.

फुलाबाईनं पोर खाली ठेवलं ते पुन्हा उचललं नाही. "माजं पैलं खाल्लं त्यानं. आता माजंच दूद प्यायला आलाय व्हय?" सासू कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजायची, ते ओठांतून बाहेर यायचं. पोराचं रडणं बारीक होत गेलं. समोरच्या घरात मायाक्का ते ऐकत बसायची. बोलावं तर नवऱ्याला आपल्या हातानं भुतांत ढकलायचं. गप्प राहावं तर त्याच्या नावावर दुसरं पोर मरणार.

एका दुपारी ती सुपात पीठ घेऊन फुलाबाईच्या दारात आली. तात्याबांना बोलावून घेतलं.

"त्ये पाऊल मी काडलं हुतं," ती म्हणाली.

"पोराची कीव आली म्हनून खोटं बोलतीस," तात्याबा म्हणाले.

तिनं उंबऱ्यापाशी पीठ पसरलं, मूठ दाबली, पाच ठिपके दिले. तेच पाऊल.

"मंग हरिबा गेला तरी कुटं?" तात्याबांनी विचारलं.

"मला काय ठावं? त्याला पाय ठिवायला मी जागाच ठिवली न्हाई."

फुलाबाईनं पिठाकडं पाहिलं, मग आपल्या मुठीकडं. ती आत गेली. थोड्या वेळानं रडणं थांबलं.

टाक त्याच सांजेला देव्हाऱ्यातून काढला. मायाक्कानं तो सीना नदीत सोडला. देवाशी लबाडी केली म्हणून वस्तीनं कितीतरी दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. ते तिनं सोसलं. सोसलं नाही ते एवढंच, की कदाचित रेघ उमटलीही नसती. कदाचित बिरोबानं त्याला पदरात घेतलं असतं, पाखराचं पाऊल उमटलं असतं. आता ते कुणालाच कळणार नव्हतं. या विचारानं ती पार झिजली.

दर अवसेला ती शिवेवर भाकरी ठेवायची. एकदा फुलाबाई पोराला काखेत घेऊन तिच्यामागं गेली. भाकरी दोन होत्या, एक मोठी, एक लहान.

"दोन कशाला, आक्का?"

"मोटी त्याची. ही तुज्या पैल्याची. आदी लेकराला भरव, मंग तू खा, म्हनून सांगती त्याला."

"ऐकतो का त्यो?"

"ठावं न्हाई, बाई," मायाक्का म्हणाली. "हितं हाय का, त्येच ठावं न्हाई."