आईच्या नावाची चौकट

"आणि आईचं नाव?"

हे विचारताना ताईंनी कानामागचं पेन काढलं, की उत्तर मिळेपर्यंत ते परत कानामागे जात नसे. अमिरातीतल्या अल ऐनच्या एका हॉस्पिटलात, पेशंटांच्या फायली सांभाळणाऱ्या विभागात, आम्ही सहा वर्षं समोरासमोर बसलो. एकाच नावाची, एकाच वडिलांची, एकाच आजोबांची माणसं आमच्याकडे ढिगानं. त्यांना वेगळं करायचं तर आईचं नाव हाच ताईंचा उपाय. "दोघांची फाइल एक झाली ना, तर त्यातला एक खलास," त्या म्हणायच्या.

एकदा एक म्हातारे अरब गृहस्थ चिडले. चारचौघांत आईचं नाव सांगायची त्यांच्यात पद्धत नाही. मी टेबलाखालून ताईंना पायानं खुणावत होते, सोडा आता. ताईंनी कागद पुढे सरकवला आणि स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं हाताच्या आडोशानं नाव लिहिलं, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि दिला. समोर उघडलेली फाइल दुसऱ्याच माणसाची निघाली. रक्तगट वेगळा, आणि म्हाताऱ्याचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी. पुढच्या आठवड्यात आमच्या टेबलावर खजुराची पेटी आली, तीही नाव न लिहिता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हाताला लागलेलं काम त्यांच्या घरातही शिरतं. ताईंच्या बाबतीत मात्र ते घरून ऑफिसात आलं असावं, असं मला पुढे वाटायला लागलं.

ताई वसईच्या, कॅथलिक घरातल्या. तरुणपणी नोकरीला बंगळुरात असताना त्या मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथात गेल्या. त्यांच्या सगळ्या घराण्यात पहिल्याच. त्यांच्या पंथात अशा पहिल्या बाईला पायोनियर म्हणतात. मूळच्या पायोनियर बायका अमेरिकेतल्या. घरदार हातगाडीवर टाकून, ती गाडी स्वतः ओढत, बर्फातून महिनोन् महिने चालत गेलेल्या. "आणि मी एसी गाडीतून वाळवंट पार करते," असं म्हणून ताई हसायच्या. चहा नाही, कॉफी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी असा उपवास, की त्यात साबुदाणा तर सोडाच, पाणीसुद्धा नाही. मी पुण्याची. चहा न पिणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायला मला दोन वर्षं लागली.

त्यांच्या जेवणाच्या टेबलामागे भिंतभर कागद होता. खाली ताई, त्यांचा नवरा आणि मुलगी. वर आईबाप, आजी-आजोबा, पणज्या, खापरपणज्या. प्रत्येकाला एक चौकट आणि चौकटीत पूर्ण नाव. बाईचं असेल तर माहेरचं. पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हाच ताईंनी मला माझ्या पणजीचं नाव विचारलं. पणजोबांचं मी झटकन सांगितलं. पणजीचं येईना. आम्ही तिला पणजीच म्हणायचो, असं काहीतरी मी पुटपुटले.

"पणजी हे नाव नव्हे," ताई म्हणाल्या आणि मला आमटी वाढली. मला लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याचा रागही आला.

काही चौकटींच्या कोपऱ्यात हिरव्या शाईची खूण होती. ती कशाची, हे मी विचारलं नाही. ते विचारलं ताईंच्या आईनं.

ताईंचे वडील गेल्यावर आय (ताई आईला आय म्हणायच्या, मग मीही) तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. बॅगेत चहाची पूड, चहाचं स्वतंत्र पातेलं आणि जपमाळ. लेकीच्या घरात भिंतीवर क्रूस नाही, याचं तिला मोठं दुःख. ताईंच्या पंथात क्रूस लावत नाहीत. म्हणून आय झोपण्याआधी नातीच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायची, लेकीच्या काढायची, आणि मी त्या वेळी तिथे असले तर माझ्याही. "तुला चालतो ना गो?" विचारायची, पण काढून झाल्यावर.

जायला दहा दिवस उरले असताना तिनं नातीला हिरव्या खुणांचा अर्थ विचारला. पोरगी पंधरा वर्षांची. तिनं सरळ इंग्रजीत सांगून टाकलं. जी माणसं आपल्या पंथात येण्याआधीच वारली, त्यांच्या नावानं घरातलं एखादं जिवंत माणूस दूरदेशीच्या मंदिरात जाऊन पाण्यात उतरतं आणि बाप्तिस्मा घेतं. मग ते कुटुंब मरणानंतरही कायम एकत्र राहतं. हिरवी खूण म्हणजे ते काम झालं.

हिरवी खूण आयच्या आईच्या नावावर होती. आजीच्याही. आणि ही नावं लेकीला फोनवरून, आठवून आठवून, कौतुकानं दिली होती ती आयनंच.

आठ दिवस आय लेकीशी बोलली नाही. ताई ऑफिसात यायच्या, पेन कानामागे असायचं आणि त्या टेबलावर पेन शोधत बसायच्या. इतक्या जुन्या माणसांसाठी विचारावं लागत नाही, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. नियमाप्रमाणे त्या बरोबर असतील. मी मात्र मनातून आयच्या बाजूची होते, आणि ते ताईंना कळत होतं.

आयला सोडायला तिघींना दुबईच्या विमानतळावर मीच नेलं, कारण ताईंच्या नवऱ्याची हॉटेलात ड्यूटी होती. आय माझ्या शेजारी, ताई आणि नात मागे. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना वाळू लागली, आणि आय समोर बघतच बोलायला लागली.

"मी मेल्यावर माझं नाव त्या पाण्यात घालायचं नाही. शब्द दे."



"ग्रॅनी, प्लीज, नॉट नाऊ," नात म्हणाली.

"आय, तुझ्यावर जबरदस्ती नसते," ताई हळूच म्हणाल्या. "तिकडे गेल्यावर तुला नको असेल तर तू नाही म्हणू शकतेस."

"मी इथंच म्हणते आहे, नाही. आता शब्द दे."

"मला देता येत नाही. मग तू मला कायमची भेटणार नाहीस."

आयनं माझ्याकडे मान वळवली. "ही बाहेरची आहे. हिला दोन्हीकडचं काही नाही. ही साक्षीला."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.  पुढे पाऊण तास गाडीतली वेगमर्यादेची घंटी तेवढी मधूनमधून वाजायची, आणि प्रत्येक वेळी मी दचकायचे.

विमानतळाच्या दारात आयनं नातीच्या कपाळावर क्रूस काढला. मग माझ्या. ताई पुढे झाल्या, डोकं थोडं खाली केलं. आयनं ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि आत निघून गेली. ताई तशाच वाकलेल्या उभ्या राहिल्या. मागच्या माणसानं "यल्ला, यल्ला" करत घाई केली तेव्हा बाजूला झाल्या.

आठ महिन्यांनी आय वसईत झोपेतच गेली. मधल्या काळात फोन व्हायचे, पण ते औषधांचे आणि हवापाण्याचे. ताई जाऊन, माती देऊन आल्या आणि पुन्हा समोर बसल्या. मी विचारणार नव्हते. पण मंदिरासाठी त्यांनी रजा टाकली तेव्हा मला राहवलं नाही.

"आता आयचं नाव घालणार?"

ताईंनी पेन खाली ठेवलं. "अलीकडच्या माणसांसाठी विचारतात, जवळच्या नातेवाइकाची परवानगी आहे का. बाबा नाहीत, मी एकुलती एक. म्हणजे जवळची नातेवाईक मीच."

"मग?"

"मी नकार दिला."

मग म्हणाल्या, "त्या हातगाडीवाल्या बायका वाटेत आपली माणसं पुरायच्या आणि पुढे चालू लागायच्या. मला वाटायचं, कशा जात असतील." आणि त्यांनी पुढची फाइल उघडली. मला त्यांच्याविषयी वाटलेल्या सगळ्या रागाची तेव्हा लाज वाटली. हे मी त्यांना बोलले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

दोन वर्षांनी त्यांनी अल ऐन सोडलं. कुठे गेल्या ते सांगत नाही आणि त्यांचं नावही लिहीत नाही. विचारल्याशिवाय नाव वापरू नये, हे मी त्यांच्याच घरी शिकले. निघायच्या दिवशी सामान बांधायला गेले होते. आत्याला फोन करून पणजीचं नाव मी शोधून काढलं होतं, ते ऐटीत सांगितलं. भागीरथी.

"छान. आणि तिच्या आईचं?"

भिंतीवरचा कागद सर्वांत शेवटी उतरवला. गुंडाळताना खालचं टोक माझ्या हातात होतं. वर पणज्या-आज्यांच्या चौकटींत हिरव्या खुणा होत्या. आयच्या चौकटीत पूर्ण नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. हिरवी खूण नव्हती. तिच्या जागी पेन्सिलीनं काढलेला एक बारीक क्रूस होता. त्या घराच्या भिंतीवर मी पाहिलेला तो एकच.

आय, तू मला साक्षीला ठेवलं होतंस. शब्द तिनं दिला नाही, हे मी ऐकलं. आणि हेही मी पाहिलं.