कुंकू लागलेलं पिस्तूल

माझे वडील भित्रे होते, असं खालापूर भागात अजूनही सांगणारे लोक आहेत. त्यातले निम्मे तर त्या वेळी जन्मलेलेही नव्हते. मी त्यांच्या तोंडी लागत नाही. पण लिहायला बसलेच आहे तर एकदा सगळं नीट लिहिते, कारण हे बोलणं ज्यांनी सुरू केलं ते माझे सख्खे चुलते होते.

चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांच्याकडे जंगलाचा ठेका होता. घाटाखालचं रान लिलावात घ्यायचं, तोड करायची, भट्ट्या लावून कोळसा पाडायचा आणि कर्जत स्टेशनातून मुंबईला धाडायचा. ठेका तात्यांचा आणि रानातली पायपीट माझ्या बाबांची, अशी भावाभावांची वाटणी होती. रानात डुक्कर, बिबट्या, शिवाय लाकूडचोर, म्हणून घरात लायसनचं हत्यार होतं. लायसन तात्यांचं, पण त्यांचा माणूस म्हणून त्यावर बाबांचं नाव चढवलेलं होतं आणि हत्यार कायम बाबांच्याच कमरेला असायचं.

आधी ते एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं. वजनाला धोंडा, मुठीचं लाकूड तडकलेलं. पावसात भिजायचं, कोळशाच्या भुकटीत लोळायचं, तरी वेळेला उडायचं. बाबा ते पुसायला बसले की मी तेलाची वाटी धरून शेजारी बसायची. ते एकदा म्हणाले होते, "एकांदी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा. चाक फिरतं, दुसरी गोळी म्होरं येते. बोटात जोर हाय तवर हे चालनार." मुलीला कशाला हे शिकवायचं, म्हणून काकू नाक मुरडायच्या.

पुढे खोपोलीच्या वीजघरातल्या एका साहेबाकडे तात्यांनी पिस्तूल पाहिलं. चपटं, काळंभोर, कोटाच्या खिशात मावणारं. झालं, तात्यांना रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. मुंबईच्या दुकानात त्यांनी रिव्हॉल्व्हर देऊन टाकलं, वर भर घातली आणि पिस्तूल आणलं. बाबांनी एकदाच तोंड उघडलं. "दादा, जुनं ऱ्हाऊ द्यायचं व्हतं. यात पहिल्या गोळीच्या धक्क्यावर दुसरी चढते. मधी कायतरी अडकलं का बसलं."

"तुला नवं कायबी सोसत नाय रं," तात्या म्हणाले, आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

पिस्तूल वाईट नव्हतं, हे मी मान्य करते. स्वच्छ ठेवलं तर भराभर चालायचं आणि त्यात गोळ्याही जास्त मावायच्या. पण त्याला लाड लागायचे. वरचं सरकतं झाकण मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकणार, पुढे येताना नवी गोळी आत लोटणार, आणि हे सगळं डोळा मिटायच्या आत. त्या फटीत कचरा चालत नाही.

त्या वर्षी दसऱ्याला मी कडावच्या सासरहून माहेरी आले होते. खंडेनवमीला पाटावर कोयते, कुऱ्हाडी, करवती मांडल्या आणि मधोमध पिस्तूल ठेवलं. पूजेचा मान काकूंचा. तुपात कालवलेलं कुंकू त्यांनी बोटांनी फासलं, वर हळद, वर अक्षता. नव्या हत्याराला तर जास्तच कौतुकाने. आमच्या घरचा रिवाज असा, की हत्याराला लागलेलं कुंकू कोजागरीपर्यंत पुसायचं नाही. आपणहून झडलं तर झडलं. पुसलं तर हत्यार रुसतं. रिव्हॉल्व्हरने हा रिवाज वर्षानुवर्षं मुकाट सोसला होता, म्हणून कुणाला कधी शंकाच आली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा भट्टीकडे निघाले. निघताना त्यांनी फडकं हातात घेतलेलं मी पाहिलं. तात्या ओसरीवरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कोजागरी झाली का पूस." बाबांनी फडकं खुंटीला परत लावलं. थोरल्या भावापुढे त्यांचा हात असाच थांबायचा.

दुपारी त्यांना झोळीत घालून आणलं. मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटलेली. पिकल्या भातातून डुक्कर उठलं होतं. बरोबर भट्टीवरचा एक कातकरी होता, त्याने कोयत्याने डुक्कर पाडलं म्हणून बाबा जिवंत आले. तो अंगणातच सांगत होता, "येक बार उडाला. मंग वरलं झाकण आर्ध्यात आटाकलं. बाबा दोनी हातांनी वढत व्हता, तवर त्यो आंगावर आला."

काकूंना वेगळीच काळजी. माणसाच्या रक्ताने हत्यार विटाळलं, ते देवघरात परत कसं न्यायचं? त्यांनी घासलेट मागवलं, गड्याकडून पिस्तूल खोलवलं आणि कुंचल्याने घासून घेतलं. घमेल्यात लालभडक पाणी उतरलं. बाया म्हणाल्या, केवढं रक्त गेलं बाई.

मी म्हणाले, "काकू, रक्त वाळलं का काळं पडतं. हे कुंकू हाय."

"तू गप गं," त्या म्हणाल्या. "सुवाशीण ना तू? कुंकवाला बोल लावतेस?"

घमेलं परसात रिकामं झालं. मग तात्यांनी गावातली चार माणसं बोलावली, मोहाच्या झाडापुढे उभे राहिले आणि धुतलेलं, पुसलेलं, तेल दिलेलं ते पिस्तूल त्यांनी एका दमात रिकामं केलं. एकही गोळी अडकली नाही. "बघा," ते म्हणाले, "हत्याराला कायबी झाल्यालं नाय. त्याचा हात लटपटला." आत खाटेवर बाबा प्रत्येक बार ऐकत होते. मी त्यांच्या उशाशी होते.

कातकऱ्याचं बोलणं कुणी धरलं नाही. कातकऱ्याचं कोण धरतं? मी माहेरवाशीण, माझंही नाही. कुंकवाचं मी तात्यांना तोंडावर सांगितलं तेव्हा ते हसले आणि मला निरोपाची साडी नेसवून कडावला पाठवून दिलं.

बाबा लंगडत उठले, पण रान गेलं. तात्यांनी त्यांना वखारीत कोळशाच्या काट्यावर बसवलं आणि ते आल्यागेल्याला सांगायचे, भाऊ आहे, टाकून कसा देऊ. त्यातही नाव त्यांच्याच चांगुलपणाचं झालं.

तात्या वारले त्यानंतर बाबा माझ्याकडे राहायला आले. आता तरी मोकळेपणी बोलतील, असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी मी स्वतःच विषय काढला. म्हटलं, "बाबा, ते झाकण कुंकवानं अडकलं व्हतं. तुम्हाला ठावं हाय, मला ठावं हाय." त्यांनी मांडीवरचा वण चोळला.

"नाय गं," ते म्हणाले. "दादा काय उगाच बोलंल? माझाच हात लटपटला आसंल."