लदेणीच्या वाटेवरचा वाटाड्या

नोकरीतले बरेच गुन्हे आता माझ्या लक्षात राहिलेले नाहीत. ही एक घटना मात्र जात नाही. तिच्यात आरोपी सापडले होते, त्यांनी काय केलं हेही कळलं होतं, आणि तरी केस हातची गेली. ती कोणामुळे गेली, हे मी आजवर कुठे बोललो नाही.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. जानेवारी महिना होता. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. त्या दिवशी एका मंत्र्यांचा दौरा असल्याने अर्धा स्टाफ बंदोबस्तावर होता आणि मलाही चारपर्यंत तिथे पोहोचायचं होतं. तीनच्या सुमाराला एका एसटी ड्रायव्हरचा फोन आला की तांड्याच्या फाट्याजवळ, रस्त्याच्या कडेला एक माणूस पडला आहे आणि हालत नाही.

मी बीट जमादाराला घेऊन गेलो. पंचावन्नच्या आसपासचा माणूस होता. पांढरा सदरा, धोतर, डोक्याखाली स्वतःचीच पागोटी घडी करून ठेवलेली. जीव गेलेला होता. ओळख लगेच पटली, कारण तांडा अर्ध्या किलोमीटरवर होता आणि लोक धावत आले. पाच एकरात कापूस आणि तूर करणारा बंजारा शेतकरी. त्याची बायको बाजूला मातीत बसून होती. ती मला म्हणाली, "साहेब, ते सकायी गाडीवाल्यायले वाट दाखवाले गेलते."

मी ते ऐकलं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. रस्त्यावर मृतदेह, अंगाला मुका मार, डांबरावर कुठल्यातरी गाडीची टायर घासल्याची खूण. मी उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत इन्क्वेस्ट पंचनामा उरकला. मृत्यूचं कारण म्हणून लिहिलं, 'अज्ञात वाहनाची धडक.' दोन पंचांच्या सह्या घेतल्या, खाली माझी केली आणि बंदोबस्ताला निघून गेलो. घडी केलेल्या पागोटीबद्दल मी काहीही लिहिलं नाही. गाडीची धडक बसलेला माणूस पागोटी घडी करून डोक्याखाली घेत नाही, हे कळायला पोलीस असावं लागत नाही.

चौथ्या दिवशी जमादार माझ्याकडे आला. ढाणकीच्या बाजारात वेल्डिंगचं दुकान चालवणारा एकजण त्याच्या ओळखीचा होता. त्याने सांगितलं होतं की त्याच दिवशी दुपारी चार मोठ्या गाड्या त्याच्या दुकानापुढे थांबल्या होत्या. जंगलात, नदीनाल्यात चालवायला उंच केलेल्या, जाड टायरांच्या, छतावर तंबू बांधलेल्या. त्यांतल्या एकीच्या पुढच्या बंपरवरचा, अडकलेली गाडी ओढायचा लोखंडी दोर तुटला होता आणि त्याला नवी पकड बसवून हवी होती. मी स्वतः दुकानात गेलो. दुकानदार शटरच्या आड उभा राहून म्हणाला, "माह्यं नाव घेऊ नका साहेब. एक बाई खाली उतरलीच नाही. तिच्या बाहीले रक्त होतं अन् ती नुसती रडून राह्यली होती." तुटलेल्या दोराचा हातभर तुकडा त्याने भंगारात टाकला होता. तो मी पंचांसमक्ष जप्त केला.

ठाण्यात परत येऊन मालखान्यातून मृताच्या कपड्यांचं पाकीट काढलं. सदरा डाव्या खांद्यापासून उजव्या बरगडीपर्यंत एका सरळ रेषेत फाटला होता. त्या रेषेवर काळं ग्रीस होतं आणि कापडात लोखंडी तारेचा केसाएवढा बारीक तुकडा अडकला होता. गाडीने उडवलेल्या माणसाचे कपडे असे फाटत नाहीत. त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की पाकिटावर सील नव्हतं. अपघाताची केस म्हणून मालखाना सांभाळणाऱ्या मुन्शीने नुसता दोरा बांधून ठेवलं होतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

गाड्यांचे नंबर टोल नाक्याच्या कॅमेऱ्यात मिळाले. दहा दिवसांनी त्या गाड्यांतले सातही जण ठाण्यात हजर झाले, सोबत दोन वकील. सगळे शहरातले, शिकलेले, चांगल्या हुद्द्यावरचे. दरवर्षी सुट्टी काढून असे आडवाटेने आठ-दहा दिवस फिरायचे, गाडीतच स्वयंपाक, गाडीवरच झोपणं. त्यांचा म्होरक्या पंचेचाळिशीचा, मृदू बोलणारा गृहस्थ होता. तो मला म्हणाला की आम्ही बेजबाबदार लोक नाही. जिथे मुक्काम करतो तिथला कागदाचा कपटासुद्धा मागे ठेवत नाही, सगळं पिशवीत भरून परत नेतो. हे खरं होतं. नदीकाठची त्यांच्या मुक्कामाची जागा मी बघून आलो होतो. तिथे काडीसुद्धा सापडली नव्हती.

अनुभवाने एक कळलं आहे. सराईत माणूस चौकशीत गप्प राहतो. सभ्य माणूस खूप बोलतो आणि नको ते सोडून सगळं सांगतो. सहा जणांनी मला नदी, पक्षी, रस्ते सगळं सांगितलं. वाटाड्याला सकाळीच परत सोडलं, एवढंच प्रत्येकाने एकाच शब्दांत सांगितलं. सातवी ती बाई होती. शाळेत शिकवायची. तिला मी महिला हवालदारासोबत वेगळ्या खोलीत बसवलं आणि काहीही न विचारता तो सदरा टेबलावर ठेवला. मग तिने सांगितलं.

जुन्या काळी बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून ज्या वाटेने पैनगंगेपलीकडे जात, ती लदेणीची वाट या लोकांना गाड्यांनी पार करायची होती. ढाणकीत चहाच्या टपरीवर आदल्या दिवशी हा माणूस भेटला. माझ्या आजाच्या पायाखालची वाट आहे, मी दाखवतो, म्हणाला. सकाळी तो हौसेने पुढच्या गाडीत बसला. दहाच्या सुमाराला एका नाल्याच्या चिखलात एक गाडी फसली. म्होरक्याने त्याला दोराचं हूक पलीकडच्या मोहाच्या झाडाला अडकवायला सांगितलं. त्याने अडकवलं आणि तिथेच दोराशेजारी उभा राहिला. ताण येताना दोराच्या आसपास थांबायचं नसतं, हे त्या सातही जणांना ठाऊक होतं. ते स्वतः लांब उभे होते. त्याला कोणी बाजूला हो म्हटलं नाही. दोर तुटला आणि चाबकासारखा त्याच्या छातीवर बसला.

तो शुद्धीवर होता. वरून फारसं रक्त नव्हतं, तोंडातून मात्र येत होतं. त्यांच्याजवळ घडीचं स्ट्रेचर होतं, औषधांची मोठी पेटी होती, रेंज नसतानाही चालणारा फोन होता. सरकारी दवाखाना पाऊण तासावर होता. पण दवाखाना म्हटला की पोलीस येणार, गाड्यांमधले बिनपरवानगीचे बदल निघणार, प्रवास तिथेच संपणार. त्यांच्यात चर्चा झाली. बाई म्हणाली, "तो म्हणत होता, मले तांड्याजवळ उतरवून द्या, मी घरी जाऊन पडतो. आम्ही तेच धरून बसलो. तो म्हणतोय ना, असं एकमेकांना सांगत राहिलो." एकच्या सुमाराला त्यांनी त्याला फाट्यावर उतरवलं. पागोटी घडी करून तिनेच त्याच्या डोक्याखाली ठेवली. पाण्याची बाटली ठेवली होती, पण म्होरक्याने ती परत उचलायला लावली.

पोस्टमॉर्टेमप्रमाणे यकृत फाटलं होतं आणि जखमेनंतर तो तीन-चार तास जिवंत होता. म्हणजे ते निघून गेल्यावरही तो काही काळ तिथे जिवंत पडून होता. त्याच रस्त्यावरून माझी बंदोबस्ताची एक गाडीही त्या तासाभरात गेली होती. ते मी नंतर लॉगबुकात पाहिलं.

बाईला साक्षीदार केलं आणि बाकी सहा जणांवर सदोष मनुष्यवधाचं कलम लावून दोषारोपपत्र पाठवलं. केस भक्कम आहे, असं मला वाटत होतं. बाईचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घ्यायला हवा होता. ती स्वतःहून बोलली आहे, ती बदलणार नाही, असं मी धरून चाललो.

कोर्टात ती बदलली. पोलीस ठाण्यात घाबरले होते, काय बोलले ते आठवत नाही, म्हणाली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. वेल्डिंगवाला दोराचा तुकडा ओळखेना. मग माझी साक्ष झाली. बचावाच्या वकिलाने आवाज चढवला नाही. त्याने इन्क्वेस्ट पंचनामा माझ्या हातात दिला, मृत्यूचं कारण मोठ्याने वाचायला लावलं आणि ही सही कोणाची, विचारलं. मी माझी म्हणालो. कपड्यांचं पाकीट पहिल्या दिवशी सीलबंद होतं का, विचारलं. मी नाही म्हणालो. त्या चार दिवसांत त्यात कोणी काही टाकलं नसेल कशावरून, असं त्याने विचारलं. शवविच्छेदनात 'कठीण व बोथट वस्तूने' असं लिहिलं होतं. बोथट वस्तू गाडीही असते.

संशयाचा फायदा मिळून सहाही जण सुटले. सरकारतर्फे अपील व्हावं म्हणून मी वर लिहिलं. पुराव्यात दम नाही, असा शेरा होऊन कागद परत आला.

निकालाच्या दिवशी त्याची बायको कोर्टात आली होती. बाहेर कडुलिंबाखाली बसली होती. मी जवळ गेलो. आपण प्रयत्न केला, असं काहीतरी बोलायला गेलो. तिने मध्येच विचारलं, "साहेब, गाडीनं उडवलं, असं तुमी लिवलतं का?"

मी हो म्हणालो.

"मी तं त्याच दिशी सांगतलं होतं तुमाले."

आवाजात राग नव्हता. ती लुगडं झटकत उठली आणि म्हणाली, "मंग त्यायलेच काहून दोष द्याचा? त्यायलेबी घाई होती, तुमालेबी घाई होती." आणि बसस्टँडकडे चालू लागली.

नव्या फौजदारांपुढे बोलायला मला कधी कधी बोलावतात. मी त्यांना तपासाच्या युक्त्या सांगत नाही. प्रेताशेजारी बसलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत जे बोलतो ते शब्दशः लिहून घ्या, दौरा कोणाचाही असो, एवढंच सांगतो. ते माना डोलावतात आणि वहीत लिहून घेतात. त्यांच्यातल्या कोणालाही मी अजून सांगितलेलं नाही की हे मला कोणी शिकवलं आणि तिला त्याचा काहीही उपयोग झाला नाही.