गंजाचे चार ठसे

खंडेनवमीला शेजारच्या काकूंकडे गेलो. शिवणयंत्राला हळदकुंकू वाहून झाल्यावर त्यांनी एक झेंडू कोपऱ्यातल्या रिकाम्या फरशीवर ठेवला. तिथे गंजाचे चार ठसे होते.

त्या जागी काकांचं यंत्र असायचं. काका टपालात नोकरीला होते. रविवारी सायकलची चाकं, पंख्याची मोटर, असलं काय काय जोडत बसायचे. काय बनवताय विचारलं, की म्हणायचे, "चालू झालं की सांगतो." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या निकालाचा पेढा काकांनी आधी यंत्रासमोर ठेवला होता. "आता याचा नंबर," म्हणाले होते.

मागच्या वर्षी काका गेले. यंदा नवरात्राच्या साफसफाईत त्यांच्या मुलाने बिघडलेल्या कूलरसोबत यंत्रही भंगारात दिलं. त्याला ते कूलरचंच काहीतरी वाटलं.

"तू एवढा शिकलास. काय होतं रे ते?" काकूंनी विचारलं.

"मलाही नाही कळलं, काकू."

"मी तरी काय, जन्मभर त्याला वळसा घालून केर काढला."

मी फुलाकडे पाहत राहिलो. एके काळी माझंही पुढे काय होणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी घरच्यांनी मला जपलं, गावाने धीर दिला. माझा निकाल लागला, एवढाच काय तो फरक.

काकूंनी झेंडू सरकवून ठशांच्या मधोमध आणला.

"सून फरशी घासते म्हणत होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एवढी राहू दे."