लाईट कंपनीचे मालक

आमच्या घराचा ओटा मी रोज सकाळी झाडते आणि रोज तिथे कचऱ्यापेक्षा किस्सेच जास्त निघतात. खाणीतून रिटायर झालेली माणसं वर्षानुवर्षं एकाच ओट्यावर बसली की दुसरं काय होणार! मामाजी जाऊन आता दोन वर्षं झाली. ओटा रिकामा असतो, तरी येणारा-जाणारा थांबतो अन् म्हणतो, "सूनबाई, तुमच्या मामाजीचं ते ऐकलं का?" मी ऐकलेलं असतं. तरी झाडू बाजूला ठेवून परत ऐकते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. तिरोडीकडच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी उमर काढली, मग बालाघाटला घर बांधलं. त्यांच्याकडे एका वीज कंपनीचे शेअर होते. दरवर्षी डिव्हिडंड यायचा आणि त्या पैशाचे ते आणखी शेअर घ्यायचे. विकायचं नाव नाही! साऱ्या मोहल्ल्यात त्यांचं नाव पडलं 'मालक'.

सगळे हसायचे, मीही हसायची. पण माझ्या हसण्यात घोर असायचा. माझी चिमी जन्मापासून ऐकत नव्हती. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, कानामागे मशीन बसवायचं ऑपरेशन आहे, लहानपणीच करा, उशीर झाला तर बोलणं यायचं नाही. सरकारी योजनेत आमचं काही बसलं नाही. यांची एक पिकअप गाडी, माझं शिक्षण सातवी. घरात विकण्यासारखं एकच होतं आणि ते मामाजी विकत नव्हते.

---

शेअर घरात आले कसे, ही गोष्ट सुखदेव काका सांगायचे. ते मामाजींचे खाणीतले जोडीदार. दोघांची ड्यूटी एक, डबा एक.

खाणीच्या ऑफिसात एक क्लर्क होता. त्याने दोघांना बसवून समजावलं आणि सह्या घेतल्या. दोघांनी सारखेच शेअर घेतले. भाव थोडा वाढला, तसे काकांनी विकून कलर टीव्ही आणला. सारी कॉलनी त्यांच्या घरी टीव्ही पाहायला. मामाजीही तिथेच, सगळ्यात पुढे बसून!

मी एकदा चहा देताना विचारलं, "मामाजी, तुम्ही तेव्हा काहून नाही विकले?"

मला वाटलं, आता मोठं काहीतरी ऐकायला मिळेल. मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, खरं सांगू? मले विकताच येत नव्हतं. घ्यायचं त्या क्लर्कनं शिकवलं. विकायचं शिकवायच्या आधी त्याची बदली झाली!"

---

पुढे शेअर घेऊन-विकून देणारा बाजारातला एक एजंट भेटला. तोवर मामाजींना न विकायची सवय लागून गेली होती.

पहिला डिव्हिडंड आला तेव्हा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं, आता कुकर येणार. खाणीच्या क्वार्टरांच्या लाईनीत चौघींकडे शिटी वाजायची, आत्याबाईंकडे पातेलं. मामाजी संध्याकाळी आले ते हात हलवत.

"कुकर?"

"शेअर घेतले."

मामाजी लामत्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले. त्यांनी आत्याबाईंना समोर बसवून समजावलं. "पाह्य, धान निघालं का आपण सारं खातो काय? बियाणं बाजूले ठेवतोच ना? हा पैसा म्हणजे बियाणं. पेरला का वाढते."

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी आत्याबाई कंबरेवर हात ठेवून दारातच उभ्या राहिल्या. "अवो, दरसाल सारं बियाणंच ठेवता. भात कवा रांधता?"

कुकर शेवटी आत्याबाईंच्या भावाने आणला.

---

उन्हाळ्यात लाईट गेली की बाकीच्या मोहल्ल्यातले लोक लाईट ऑफिसला फोन करतात. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया सरळ आमच्या ओट्यावर! पदराने वारा घेत, लेकरं काखेत घेऊन.

"काकाजी, तुमची लाईट गेली जी!"

"सकाळपासून दोनदा गेली. बिल तं बराबर घेता!"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, माझा काय संबंध. मामाजी मात्र शरमून जायचे. माठातलं पाणी द्यायचे, पोरांना हातपंखा द्यायचे. एका मावशीने मात्र फ्रीजमधल्या फाटलेल्या दुधाचं भगोनंच त्यांच्यापुढे आणून ठेवलं. तेव्हा त्यांचाही तोल गेला.

"अवो बाई, माझी कंपनी लाईट बनवते, पोचवत नाही! पोचवणारे दुसरे हायेत!"

मावशी भगोन्याकडे पाहून म्हणाली, "मंग बनवून ठेवून घेता काय?"

---

घरात एका खोलीत दोन दिवे दिसले की मामाजी उठून एक बंद करायचे. पण वारासिवनीला नात्यातल्या लग्नात गेलो, तिथे गल्लीभर लायटिंग! मामाजी जेवण सोडून माळा पाहत फिरले. मुलीचा बाप बिचारा खर्चाने घामाघूम. मामाजी त्याच्या पाठीवर हात मारून म्हणाले, "लई छान! उद्या दिवसाबी चालू ठेवा!"

आत्याबाई मला म्हणाल्या, "पाह्य वो, घरी मले अंधारात भाकर थापायले लावते हा माणूस."

---

लॉकडाऊनमध्ये एक दिवस आमच्या यांनी मोबाईल पाहिला आणि कपाळाला हात लावला. शेअरचा भाव पार खाली. चिमी तेव्हा मांडीवरची. थाळी वाजवली तरी वळून पाहत नाही, हे आम्हाला नुकतंच कळलेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि रडून घेतलं.

सुखदेव काका तोंडाला गमछा बांधून आले. ओट्याखाली लांब उभे राहिले. मयतीला आल्यासारखा चेहरा.

"भाऊ, ऐकून लई वाईट वाटलं."

मामाजींनी वर पाहिलं. "तुह्या घरी पंखा चालू हाय काय?"

"हौ."

"फ्रीज?"

"चालू हाय ना."

"मंग कंपनी कुठी मेली बे? घरी जाय अन् कूलरबी लाव!"

त्या वर्षीचा डिव्हिडंड आला, त्याचे स्वस्तात आणखी शेअर घेतले. काकांनी कपाळावर हात मारला. मी मारला नाही एवढंच.

---

चिमी तीन वर्षांची होत आली. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. मला मामाजींना विचारायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं. त्यांनी बायकोला कुकर नाही घेतला, मी कोण? रोज चहा द्यायची, रोज ठरवायची, रोज रिकामी कपबशी घेऊन आत यायची.

एका सकाळी मामाजी बुद्धविहारातून आले. चिमी दाराकडे पाठ करून भिंतीवर खडूने रेघा ओढत बसली होती. त्यांनी हाक मारली. मग जोरात मारली. मग तिच्या समोर जाऊन बसले, तेव्हा ती हसली.

मग त्यांनी आमच्या यांना आवाज दिला. "काय रे, ते विकायचं कसं असते?"

यांनी चहाचा कप खाली ठेवला. "किती विकायचे, बाबा?"

"सारे."

पहिले शेअर ज्या पैशात घेतले, त्यात तेव्हा फार तर एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला असता. आता त्यात ऑपरेशन झालं, नागपूरची भाड्याची खोली झाली आणि बोलायला शिकवणाऱ्या मॅडमची वर्षभराची फी झाली. सुखदेव काकांनी ओट्यावर बसून सारा हिशोब ऐकला. मग म्हणाले, "आपण दोघायनं बराबरच घेतले होते ना बे?"

"हौ."

"माझा टीव्ही तं कवाच भंगारात गेला."

मामाजी म्हणाले, "पण पाह्यला तं मीबी होता. तुह्यापेक्षा पुढं बसून!"

---

ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. चिमी आई, आबा, पानी एवढं म्हणायला लागली होती. पण स्वतःहून काही विचारत नव्हती, आणि माझा जीव त्यातच अडकलेला. मॅडम म्हणायच्या, विचारेल, धीर धरा. धीर मी कुठून आणू?

एका दुपारी मामाजी तिचं बोट धरून कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले. मशीन पडेल, गाडी येईल, म्हणून मी मागोमाग. माझ्या मागे आत्याबाई.

कोपऱ्यावर विजेची डीपी आहे. खांबावरचा तो ट्रान्सफॉर्मरचा मोठा लोखंडी डबा. तिथे चिमी एकदम थांबली. मान वाकडी केली. मामाजींचा हात ओढला, डीपीकडे बोट दाखवलं आणि ओठ मिटून आवाज काढला, "ऊंऽऽऽ?"

इतकी वर्षं मी त्या खांबाखालून भाजी आणते, पण डीपीला आवाज असतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. कान दिला. खरंच होता.

"आबा, ऊंऽऽऽ?"

मामाजी खाली बसले, तिच्या उंचीला आले. "ते काय? ते आपली कंपनी चालू हाय, बेटा!"

आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला होता, तरी मागून बोलल्याच, "अवो, आता कुठची आपली? सारी विकली ना!"

मामाजींनी वळूनही पाहिलं नाही.

"हौ, विकली. पण आवाज तं फुकट हाय ना!"